डोक्यात गेलं की डोक्यावरून?

इंग्रजीतल्या ‘हेड’भोवतीच्या वाक्प्रचारांबद्दल आलेली पत्रं या महिन्याच्या सदरात एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रं मुंबई-उपनगरांतली आहेत आणि अडचणही बहुतेकांची एकच: शब्द कळतात, मराठीतला तसाच वाक्प्रचार आठवतो आणि नेमका तिथेच पाय घसरतो. इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत.

प्रश्न : अंधेरीच्या एका आयटी कंपनीत मी टेस्टिंग करतो. मॅनेजरना माझा एक मुद्दा समजला नव्हता. ते सहकाऱ्यांना सांगताना मी म्हणालो, ‘आय वेंट ओव्हर हिज हेड.’ त्यानंतर सगळे माझ्याशी जपूनच बोलायला लागले. काय चुकलं? — एक वाचक, जोगेश्वरी

कर्ता चुकला. ‘इट वेंट ओव्हर हिज हेड’ म्हणजे ती गोष्ट त्यांच्या डोक्यावरून गेली, कळली नाही. इथवर मराठी आणि इंग्रजी तंतोतंत जुळतात. पण ‘इट’च्या जागी माणूस आला की अर्थच पालटतो. ‘आय वेंट ओव्हर हिज हेड’ म्हणजे मी त्यांना डावलून थेट त्यांच्या वरिष्ठांकडे गेलो. तुम्ही मॅनेजरची तक्रार वर नेलीत, असं सहकाऱ्यांनी ऐकलं.

विनोद, मुद्दा, कविता, प्रेझेंटेशन यांपैकी काही डोक्यावरून गेलं तर ते न कळणं. माणूस गेला तर ते डावलणं. डावलण्याच्या अर्थी पुढे बऱ्याचदा ‘टू’ येतो: ‘शी वेंट ओव्हर हिज हेड टू द डिरेक्टर.’ अपवाद ‘टॉक’ या क्रियापदाचा. ‘ही टॉक्स ओव्हर अवर हेड्स’ यात कर्ता माणूस असला तरी अर्थ ‘तो आम्हाला न झेपणारं बोलतो’ असाच आहे.

याच घरातला तिसरा वाक्प्रचार ‘टू बी इन ओव्हर युअर हेड’. त्यातला ‘इन’ सोडू नका. पोहता येत नसताना खोल पाण्यात उतरलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. कुवतीबाहेरचं काम, कर्ज किंवा जबाबदारी अंगावर घेतली की ‘आय ॲम इन ओव्हर माय हेड’. मराठीत त्याला नाकातोंडात पाणी जाणं म्हणतात. ‘आता पाणी डोक्यावरून गेलं’ हे वाक्य मात्र इथे बसवू नका. ते सहनशक्ती संपल्याचं आहे आणि त्यासाठी इंग्रजीत ‘दॅट्स द लास्ट स्ट्रॉ’ किंवा सरळ ‘आय हॅव हॅड इनफ’ म्हणतात. ‘कीप युअर हेड अबव्ह वॉटर’ म्हणजे जेमतेम तग धरणं. घराचा हप्ता, शाळेची फी आणि किराणा भागवून महिनाअखेर गाठणारं कुटुंब हेच करत असतं. धंदा उत्तम चालला असेल तर हा वाक्प्रचार चालत नाही; त्यात ओढाताण हवीच.

जाता जाता: मॅनेजरला कळलं नाही हे चारचौघांत सांगायचंच असेल, तर ‘आय डिडन्ट एक्स्प्लेन इट वेल’ म्हणावं. नोकरीच्या दृष्टीने तेच बरं.

प्रश्न : ‘हेड्स अप’ एकवचन की अनेकवचन? आणि ते पत्रात लिहावं का? — वाचक, ठाणे

‘अ हेड्स-अप’ हे एकवचनी नाम आहे. मागचा ‘अ’ आणि मधला ‘स’ दोन्ही हवेत. लिहिताना मध्ये जोडरेघ द्यावी. ‘गिव्ह मी अ हेड्स-अप’ म्हणजे आधी कळवा, सावध करा. हा शब्द अमेरिकन इंग्रजीतला. वरून किंवा समोरून काही येत असेल तेव्हा ‘डोकी वर करा, बघा’ अशी जी हाक देतात, तिचं पुढे नाम झालं. म्हणून घटना घडून गेल्यावर पाठवलेला निरोप हेड्स-अप ठरत नाही. सर्व्हर बंद पडल्यानंतर ‘जस्ट अ हेड्स-अप, द सर्व्हर इज डाउन’ अशी मेल येते ती वास्तविक बातमी असते.

सहकाऱ्यांच्या मेलमध्ये चालेल. महापालिका, बँक, न्यायालय किंवा सोसायटीच्या औपचारिक पत्रात नको. तिथे ‘प्रायर नोटिस’ किंवा ‘ॲडव्हान्स इंटिमेशन’. ‘शी हेड्स अप द टीम’ या वाक्यात ‘हेड्स’ क्रियापद आहे आणि अर्थ ती टीमची प्रमुख आहे, एवढाच. त्याचा सावध करण्याशी संबंध नाही.

प्रश्न : मी इंग्रजीचे क्लास घेते. एका विद्यार्थ्याने ‘हा माणूस माझ्या डोक्यात जातो’ याचं भाषांतर ‘धिस मॅन गोज टू माय हेड’ असं केलं. मी चूक दिली, पण कारण नीट सांगता आलं नाही. — शिक्षिका, बोरिवली

चूक दिलीत ते योग्यच. ‘गो टू वन्स हेड’ दोनच गोष्टींबाबत वापरतात, एक दारू आणि दुसरी कौतुक, यश, पैसा किंवा सत्ता. दोन्ही चढतात. ‘द वाइन वेंट स्ट्रेट टू हर हेड’ म्हणजे तिला वाइन लगेच चढली. ‘सक्सेस हॅज गॉन टू हिज हेड’ म्हणजे त्याच्या डोक्यात हवा गेली. त्यामुळे तुमच्या विद्यार्थ्याचं वाक्य परक्या माणसाने ऐकलं, तर त्या व्यक्तीच्या सहवासात याला नशा चढते, असं त्याला वाटेल. अर्थ थेट उलटा!

मराठीत ‘डोक्यात जाणं’ म्हणजे असह्य होणं, संताप येणं. त्याच्या जवळचा वाक्प्रचार ब्रिटिश बोलीत आहे: ‘ही डज माय हेड इन’. ‘डू’ आधी, ‘इन’ शेवटी, मध्ये कुणाचं डोकं ते. अनौपचारिक आहे, परीक्षेच्या पेपरात लिहू नये. अमेरिकन माणसाला तो सहसा ओळखीचा नसतो. त्याच्यापुढे ‘ही ड्राइव्ह्ज मी क्रेझी’ म्हणा.

गर्वाचीच आणखी दोन रूपं वर्गात सांगता येतील. ‘ही हॅज अ बिग हेड’ हे दोन्ही इंग्रजींत गर्विष्ठ माणसाला म्हणतात. ‘स्वोलन हेड’चा अर्थही तोच, अमेरिकेत त्याला ‘स्वेल्ड हेड’ म्हणतात. मराठीतल्या ‘शेफारला आहे’च्या हे बरंच जवळ जातं. डोकं मोठं म्हणजे बुद्धी मोठी, असा अर्थ मुलं हमखास लावतात. बुद्धीसाठी ‘अ गुड हेड ऑन हर शोल्डर्स’ आहे, त्यातही हुशारीपेक्षा व्यवहारी समज अधिक.

आता एकवचन-अनेकवचनाची एक गंमत. ‘टर्न हेड्स’ म्हणजे लोकांनी वळून बघावं असं दिसणं. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या बायकांना हे लागू पडतं. ‘टर्न समवन्स हेड’ म्हणजे एखाद्याचं डोकं फिरवणं, म्हणजे रागाने नव्हे तर स्तुतीने, पैशाने किंवा प्रेमाने त्याचा विवेक घालवणं. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात दोष. परीक्षेत दोन्ही शेजारी शेजारी द्या, कोण नीट वाचतं ते लगेच कळेल.

प्रश्न : ‘ऑन द टॉप ऑफ माय हेड’ बरोबर आहे का? — वाचक, घाटकोपर

नाही. ‘ऑफ द टॉप ऑफ माय हेड’, सुरुवातीला ‘ऑफ’. अर्थ: कागदपत्रं न बघता, आत्ता आठवतंय त्यावरून. मीटिंगमध्ये आकडा विचारला तर ‘ऑफ द टॉप ऑफ माय हेड, अबाउट फोर लाख्स’ असं म्हणून पुढे ‘आय विल कन्फर्म’ जोडावं. नाहीतर तोच आकडा इतिवृत्तात जातो आणि पुढच्या मीटिंगला तुमच्यासमोर येतो.

प्रश्न : लोकलमध्ये माणसं लगेच चिडतात, त्यांना ‘लूज देअर हेड्स’ म्हणता येईल का? — निवृत्त वाचक, डोंबिवली

चिडण्यासाठी ‘लूज वन्स टेंपर’ आहे. ‘लूज वन्स हेड’मध्ये गोंधळ आणि घबराट असते, संकटात काय करावं ते न सुचणं, भलतंच काहीतरी करून बसणं. गाडी मध्येच थांबली, डब्यात धुराचा वास आला आणि कुणीतरी रुळांवर उडी मारली, तर त्याने डोकं गमावलं. चौथ्या सीटवरून भांडणाऱ्याने फक्त टेंपर गमावली. मराठीतलं ‘डोकं फिरलं’ रागालाही चालतं आणि वेडालाही, म्हणून ही गल्लत होते. खरोखर वेड लागण्यासाठी ‘लूज वन्स माइंड’ आहे आणि तो तर बोलताना चेष्टेतही वापरतात.

उलट बाजूला ‘कीप युअर हेड’, म्हणजे डोकं शाबूत ठेवणं. रुडयार्ड किपलिंगच्या 1910 साली छापलेल्या ‘इफ’ या कवितेची सुरुवातच या दोन वाक्प्रचारांच्या जोडीने होते. हा कवी जन्माने मुंबईकर. 1865 साली जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला.

‘कीप’च्या पुढे एक छोटा शब्द वाढला तरी अर्थ सरकतो, तेवढं बघा. ‘कीप युअर हेड डाउन’ म्हणजे कुणाच्या नजरेत न येता आपलं काम करत राहणं. यात शरम नाही. शरमेने मान खाली घालण्यासाठी ‘हँग युअर हेड’ आहे आणि ताठ मानेने वावरण्यासाठी ‘होल्ड युअर हेड हाय’.

प्रश्न : वरच्यासारखाच मुद्दा. मराठीत आपण ‘मान’ म्हणतो तिथे इंग्रजीत ‘नेक’ का चालत नाही? मी कथांचं भाषांतर करते आणि ‘तिने मान हलवली’ इथे दरवेळी अडते. — वाचक, विलेपार्ले

अडणारच, कारण मराठी वाक्य होकार की नकार ते सांगतच नाही. आपण ते मागच्या-पुढच्या संवादावरून ठरवतो. इंग्रजीला आधी निर्णय लागतो. होकार असेल तर ‘शी नॉडेड’, नकार असेल तर ‘शी शुक हर हेड’. ‘नॉड’मध्ये डोकं आलंच, म्हणून पुढे ‘हर हेड’ लिहिण्याची गरज नसते. ‘शेक’च्या पुढे मात्र लिहावंच लागतं, नाहीतर ती थरथरली असा अर्थ होईल. ‘मान डोलावली’ होकाराकडे किंवा दाद देण्याकडे झुकतं. गाण्याला दिलेली दाद असेल तर ‘स्वेड हर हेड’ किंवा ‘नॉडेड ॲलाँग टू द म्युझिक’.

आणि आपली खास तिरपी मान, म्हणजे ‘बरं, ठीक, बघू, कळलं’ हे सगळं एकत्र? परदेशी लोक त्याला ‘हेड वॉबल’ म्हणतात. कथेत मात्र तो शब्द घालू नये. पात्राकडे परक्याच्या नजरेने बघितल्यासारखं होतं. त्या हालचालीचा त्या प्रसंगी अर्थ काय, तोच लिहावा.

‘नेक’ न चालण्याचं कारण साधं आहे. इंग्रजीत ‘नेक’ धोका आणि धाडसाच्या वाक्प्रचारांत गुंतलाय: ‘रिस्क युअर नेक’, ‘स्टिक युअर नेक आउट’. अभिमान, शरम, होकार आणि नकार हे ‘हेड’च्या वाट्याचे.

प्रश्न : एका वृत्तसंस्थेत मी इंग्रजी बातम्यांचा मराठी अनुवाद करतो. ‘हेड’ असलेल्या मथळ्यांनी फार छळलंय. काही नेहमीचे सांगाल का? — प्रशिक्षणार्थी, मुलुंड

सर्वांत धोक्याचा ‘हेड्स विल रोल’. मूळ चित्र शिरच्छेदाचं आहे, पण बातमीत त्याचा अर्थ जबाबदार माणसांवर कारवाई होणार, बहुतेक नोकरी किंवा पद जाणार. मुंबईच्या मराठीत ‘काहींच्या हातात नारळ पडणार’ हे नेमकं बसतं. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत कुणालाही चालतं, तरी रोख बहुधा पदावर बसलेल्यांकडे असतो. ‘डोकी उडणार’ असं लिहिलंत आणि बातमी एखाद्या दंगलीच्या बातमीशेजारी लागली, तर काय होईल ते सांगायला नको.

‘मॅटर्स केम टू अ हेड’ याचं भाषांतर ‘प्रकरण प्रमुखांपर्यंत गेलं’ असं केलेलं आम्ही छापील स्वरूपात वाचलंय. इथे ‘हेड’ म्हणजे प्रमुख नाही आणि कवटीही नाही. पिकलेल्या गळवाच्या टोकालाही इंग्रजीत ‘हेड’ म्हणतात, मराठीत आपण ‘गळवाला तोंड आलं’ म्हणतो. ते चित्र धरलं की अर्थ कळतो: आतल्या आत बरेच दिवस ठसठसणारा वाद आता फुटायच्या बेतात आहे. ‘वाद विकोपाला गेला’ असं लिहा. ‘ब्रिंग थिंग्ज टू अ हेड’ म्हणजे कुणीतरी मुद्दाम तो क्षण आणणं, सोक्षमोक्ष लावायला भाग पाडणं.

‘हेड-ऑन कोलिजन’ समोरासमोर धडक. ‘टॅकल्ड द इश्यू हेड-ऑन’ प्रश्नाला थेट भिडले. ‘हेड टू हेड’ दोघांतली थेट लढत. ‘रेअर्ड इट्स अग्ली हेड’ला मराठी तयारच आहे, साथीने किंवा भ्रष्टाचाराने पुन्हा डोकं वर काढलं. ‘अ प्राइस ऑन हिज हेड’ म्हणजे पकडण्यासाठी लावलेलं इनाम. ‘हेडहंटर’ आजच्या व्यापारी बातमीत वरिष्ठ जागांसाठी माणसं हेरणारा. नरमुंडांचा शिकारी फक्त मानववंशशास्त्राच्या पानावर.

‘मेक हेडवे’ जहाजांच्या भाषेतून आलं. जहाजाची पुढे होणारी वाटचाल म्हणजे हेडवे. आधी ‘अ’ लागत नाही आणि पुष्कळदा नकारार्थीच वापरतात: ‘टॉक्स मेड लिटल हेडवे’, बोलणी फारशी पुढे सरकली नाहीत. मुंबईच्या बातमीत मात्र दचकून बघा. रेल्वेच्या परिभाषेत ‘हेडवे’ म्हणजे एकाच मार्गावर पाठोपाठ धावणाऱ्या दोन गाड्यांमधलं अंतर, बहुतेक वेळा मिनिटांत मोजलेलं. ‘हेडवे कमी होणार’ ही प्रवाशांसाठी आनंदाची बातमी असते. तिचा ‘प्रगती खुंटणार’ असा मथळा करू नका.

प्रश्न : शहामृग खरंच वाळूत डोकं खुपसतो का? नातू विचारतो. — आजी, दादर

नाही. नातवाला सांगा की तो वाळूत उथळ खड्डा करून अंडी घालतो आणि चोचीने ती फिरवण्यासाठी मान खाली घालतो. धोका जाणवला की कधी मान जमिनीलगत पसरून बसतो. लांबून डोकं गडप झाल्यासारखं दिसतं. आणि पळायचं ठरवलं तर ताशी 70 किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, त्याला लपायची गरजच कमी.

पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की शहामृग डोकं नि मान झुडपात घालतो आणि आपलं सगळं अंग लपलं असं समजतो. झुडपाची वाळू पुढे झाली. प्लिनीचा शहामृग आपल्या डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराचा सख्खा भाऊ म्हणायचा: मला दिसत नाही, म्हणजे मीही कुणाला दिसत नाही. आजच्या इंग्रजीत ‘बरी युअर हेड इन द सँड’चा रोख तिथे नाही. संकट समोर आहे, आपल्याला ते ठाऊकही आहे, पण त्याकडे बघायचंच नाही, असा अर्थ आहे. इमारतीच्या खांबांना तडे गेलेत आणि सोसायटी स्ट्रक्चरल ऑडिट पुढे ढकलतेय, तिथे हा वाक्प्रचार लावा. मांजराची म्हण तिथे लागत नाही. ती चोरून काही करणाऱ्यासाठी आहे.

प्रश्न : आमच्या ऑफिसात सगळे ‘डोंट ईट माय हेड’ म्हणतात. लंडनच्या ऑफिसातल्या बाईंना ते कळलं नाही. हे इंग्रजी चूक आहे का? — वाचक, वांद्रे

भारतात चालणारं इंग्रजी आहे आणि इथे सगळ्यांना कळतं. पण ते ‘डोकं खाऊ नकोस’चं शब्दशः रूप आहे आणि बाहेर ते पोचत नाही. लंडनमध्ये ‘स्टॉप पेस्टरिंग मी’ किंवा तेच ‘यू आर डूइंग माय हेड इन’. सोबत हेही लक्षात ठेवा की तिथे ‘बाइट समवन्स हेड ऑफ’ असा वेगळा वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ साध्या प्रश्नावर वसकन अंगावर येणं. म्हणजे बाईंनी अंदाज बांधला असेल, तर तो चुकीच्या दिशेने बांधला असणार.

अशी आणखी उदाहरणं ऑफिसात सापडतील. ‘माय हेड इज पेनिंग’ऐवजी ‘आय हॅव अ हेडेक’ किंवा ‘माय हेड हर्ट्स’. पहिलं डॉक्टरला इथे समजतं, परदेशात कानाला खटकतं, कारण तिथे ‘पेन’ हे क्रियापद मनाला वेदना होण्यासाठी राहिलंय. ‘हेड बाथ’ म्हणजे डोक्यावरून अंघोळ, हे तर अस्सल आपल्याकडचं. तिकडे ‘आय वॉश्ड माय हेअर’ एवढंच. अंघोळ म्हटली की डोकं कोरडं ठेवलं की भिजवलं हा भेद करायची सवय त्या भाषेला नाही. ‘मुलांनी घर डोक्यावर घेतलं’साठी ‘रेजिंग द रूफ’. डोक्यावरचं घर तिथे फक्त छप्पर उरलं, पण गोंगाट तेवढाच. ‘मुलाला डोक्यावर बसवलंय’ला मात्र डोक्याचा वाक्प्रचार शोधत बसू नका, ‘दे हॅव स्पॉइल्ड हिम’ पुरे. आणि ‘डोक्यावर मिरे वाटणं’ कृपया कुठल्याच परदेशी माणसाला शब्दशः सांगू नका.

प्रश्न : ‘हेड’ आणि ‘टेल’ यांचा छापा-काट्याशी संबंध काय? — बारावीचा विद्यार्थी, परळ

नाण्याच्या ज्या बाजूवर राजाचं किंवा राणीचं डोकं, ती ‘हेड्स’. उलट बाजू ‘टेल्स’. ब्रिटिश काळातल्या नाण्यांवर डोकं होतंच. 1950 पासून प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आले, पण टॉसला ‘हेड्स’ म्हणायची सवय राहिली आणि सिंहांची बाजू ‘हेड्स’ मानली गेली. टॉसच्या वेळी नेहमी अनेकवचन: ‘हेड्स ऑर टेल्स?’

‘आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट’ यात मात्र एकवचन आहे. काहीच उमगत नाही, ना शेंडा ना बुडखा. लक्षात ठेवायचं ते हे की हा वाक्प्रचार नकारातच राहतो. ‘आय मेड हेड अँड टेल ऑफ द चॅप्टर’ असं कुणी म्हणत नाही. कळलं असेल तर ‘आय अंडरस्टूड इट’. ब्रिटिश लेखनात ‘हेड नॉर टेल’ही दिसतं.

प्रश्न : डोकं तर नेहमी टाचांच्या वरच असतं. मग ‘हेड ओव्हर हील्स’मध्ये विशेष काय? — वाचक, गिरगाव

शंका अगदी रास्त आहे! जुनं रूप ‘हील्स ओव्हर हेड’ होतं, टाचा डोक्याच्या वर, म्हणजे कोलांटउडी. अठराव्या शतकात शब्दांची अदलाबदल झाली आणि उलटंच रूप टिकलं. कोलांटी खाऊन पडणं हा अर्थ अजून आहे, पण नव्वद टक्के वेळा पुढे ‘इन लव्ह’ असतं असं धरून चाला. मराठीत प्रेमात माणूस आकंठ बुडतो. इंग्रजीत गळ्यापर्यंत बुडवायचं ते कामात किंवा लफड्यात, ‘अप टू माय नेक’. कर्ज असेल तर कानापर्यंत, ‘अप टू माय इअर्स इन डेट’.

प्रश्न : सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटिस लावलीय: ‘पार्क हिअर अँड ऑन युअर हेड बी इट.’ बरोबर आहे का? — सभासद, कांदिवली

व्याकरण बरोबर, जागा चुकीची. ‘ऑन युअर हेड बी इट’ म्हणजे पुढे जे होईल त्याचं खापर तुमच्या डोक्यावर. बायबलच्या भाषेचा वास असलेला, बोलताना इशारा म्हणून द्यायचा वाक्प्रचार आहे आणि थोडा नाटकी लागतो. नोटिशीत ‘पार्किंग ॲट ओनर्स रिस्क’ लिहा. वर्गणीच्या नोटिशीत ‘पर हेड’ चालतं, ते आपलं दरडोई. ‘पर कॅपिटा’ही मुळात लॅटिनमधलं दरडोईच, पण ते उत्पन्न आणि पाण्याच्या वापरासारख्या आकड्यांसाठी ठेवा; महाप्रसादाच्या वर्गणीला ते फार जड होतं.

प्रश्न : ‘हिट द नेल ऑन द हेड’ म्हणजे मर्मावर बोट ठेवणं ना? — वाचक, लालबाग

जवळपास, पण पूर्ण नाही. मर्मावर बोट ठेवलं की समोरच्याला झोंबतं. खिळ्याच्या डोक्यावर घाव घातला की फक्त नेमकेपणाची दाद मिळते: ‘अगदी बरोबर बोललात.’ ‘ऑन द हेड’ म्हणा, ‘ऑन इट्स हेड’ नको. ‘टर्न समथिंग ऑन इट्स हेड’ हा निराळा वाक्प्रचार आहे, एखादा समज किंवा पद्धत पार उलटी करून टाकणं.

प्रश्न : ‘पुट’, ‘नॉक’ आणि ‘बट’ यांच्यापुढे ‘हेड्स’ आलं की काय फरक पडतो? — वाचक, चेंबूर

‘पुट अवर हेड्स टुगेदर’ मिळून विचार करणं. ‘नॉक देअर हेड्स टुगेदर’ भांडणाऱ्या दोघांना तिसऱ्याने दरडावून गप्प करणं. प्रत्यक्ष टाळकी आपटायची नसतात. ‘बट हेड्स’ दोघांची टक्कर, एडक्यांसारखी, आणि पुढे ‘विथ’: ‘शी बट्स हेड्स विथ हर बॉस.’ पहिल्याच्या बाजूने ‘टू हेड्स आर बेटर दॅन वन’ ही म्हण आहे, ती जॉन हेवूडच्या 1546 सालच्या म्हणींच्या संग्रहात सापडते. भिंतीवर एकट्याने डोकं आपटायचं असेल तर ‘बँग युअर हेड अगेन्स्ट अ ब्रिक वॉल’. इथे मराठी आणि इंग्रजीत फरक विटेचा तेवढा.

प्रश्न : शाम्पूच्या नावाखेरीज ‘हेड अँड शोल्डर्स’ला काही अर्थ आहे का? — वाचक, विरार

आहे, आणि तो शाम्पूपेक्षा कितीतरी जुना. बायबलच्या जुन्या करारात शौल राजाचं वर्णन आहे की तो इतर लोकांपेक्षा खांद्यापासून वर उंच होता. ते चित्र गुणवत्तेला लागलं. ‘हर एसे वॉज हेड अँड शोल्डर्स अबव्ह द रेस्ट’, तिचा निबंध बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस होता. ‘अबव्ह’ हवंच, ‘दॅन’ चालत नाही. एका गुणाने पुढे असलेल्याला हे लावू नये. अंतर डोळ्यांत भरण्याजोगं असेल तरच लावावं.